पेटीत राहिलेलं रीळ

वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही. एस.टी. दहा मिनिटं उशिरा आली तरी मी कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन भांडते. अशी मी एका पिक्चरसाठी दोन वर्षं थांबले, हे आज मला स्वतःलाच खोटं वाटतं. आणि एवढं थांबून पदरात काय पडलं ते आठवलं की अजूनही डोकं फिरतं.

तेव्हा मी सेलूला मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. दादा, म्हणजे माझे वडील, त्याच गावात मुलांच्या शाळेवर मास्तर होते. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. शाळा सुटली की मी वाचनालयात जायची. तिथं सिनेमाचं एक मासिक यायचं, पण ते टेबलावर नसायचं. लोक पानं फाडून नेतात म्हणून ग्रंथपाल ते आपल्या खणात ठेवायचे आणि मागितलं की आधी आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघून मग द्यायचे. मास्तरीणबाईंनी असलं मासिक वाचावं हे त्यांना पटत नव्हतं. मी मुद्दाम त्यांच्या समोरच्याच बाकावर बसून वाचायची.

त्यात एक दिवस अर्ध्या पानाची बातमी आली. एका मोठ्या दिग्दर्शकाने भयपट काढायला घेतला होता. जुनी गढी, तिचा वर्षानुवर्षं कुलूप लावलेला मागचा भाग, रोज संध्याकाळी त्या दाराशी ठेवलं जाणारं जेवणाचं ताट आणि सकाळी रिकामं झालेलं तेच ताट. घरात एक नवी सून येते आणि तिला त्या दाराआड कुणाचीतरी चाहूल लागते. बस, एवढंच. मी ती बातमी तीनदा वाचली आणि वहीत उतरवून घेतली.

हा दिग्दर्शक आम्हाला घरच्या माणसासारखा होता. त्याचा आधीचा पिक्चर आई, दादा आणि मी, आम्ही तिघांनी पॅसेंजरनं परभणीला जाऊन बघितला होता. एक विहीर आणि तिच्यावरून दोन वस्त्यांत पेटलेलं भांडण, अशी ती गोष्ट होती. बाहेर आल्यावर दादा तडक स्टेशनवर आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "हा माणूस आपल्याला वळखतो." त्यानंतर कितीतरी वर्षं शाळेत, विहारात, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल त्याला ते त्या पिक्चरची गोष्ट सांगत राहिले. आई म्हणायची, तिकीट न काढता अर्ध्या सेलूनं तो पिक्चर बघितलाय.

म्हणून मी ती बातमी घेऊन जवळजवळ पळतच घरी आले. दादा वह्या तपासत होते.

"भुताचा?" त्यांनी विचारलं. मग चष्मा काढला आणि पुन्हा विचारलं, "भुताचा?"

आमच्या घरात हा साधा शब्द नव्हता. छप्पन साली दादांनी दीक्षा घेतली तेव्हा नुसते देव नाही सोडले. अंगात येणं, उतारे, लिंबू, अमावस्या, मुंजा, सगळं सोडलं. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की दादा तिथं जाऊन त्याला पाढे म्हणायला लावायचे. सतराचा पाढा म्हणणाऱ्या माणसाच्या अंगात काही राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

"आपण भुतं गावाबाहेर सोडून आलाव," दादा म्हणाले, "अन ह्यो शहाणा माणूस त्यायलाच मुंबईत नेऊन नाचवायलाय?"

"दादा, तो खरं भूत दाखवणारच न्हाई. शेवटी माणूसच निघंल बघा."

"तुला काय ठावं?"

"लिहून देते. न्हाई निघालं तर मी जन्मात पिक्चरचं नाव काढणार न्हाई."

दादा म्हणाले, "बघू." त्या एका शब्दावर मी दोन वर्षं लटकले. मला पिक्चर बघायचा होताच, पण आता तेवढंच राहिलं नव्हतं. त्या माणसावरचा दादांचा विश्वास खोटा ठरू नये, हे मी माझ्या अंगावर घेतलं होतं. दादांचा असा विश्वास फार थोड्या माणसांवर होता.

आई चुलीपुढून म्हणाली, "भूत निघू का माणूस निघू, मला तर दोघायचीबी भ्या वाटती."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला वाट पाहणं म्हणायचं की छळ म्हणायचं ते मला माहीत नाही. एका महिन्यात बातमी आली की शूटिंग थांबलं. दुसऱ्या महिन्यात, नटी आजारी. मग गढीचा सेट जळाला. मग सेट पुन्हा उभारला. मग पैसे लावणारा शेठ बदलला आणि नव्या शेठला गाणी पाहिजेत. गाणी म्हटल्यावर मी मासिक असं आपटलं की ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं. पुढच्या महिन्यात, गाणी नाहीत. मग पानभर जाहिरात आली: काळं दार, त्याच्या खालच्या फटीतून उजेड, आणि वर "लवकरच येत आहे". ते "लवकरच" मी मोजून आठ अंकांत वाचलं. लवकर या शब्दाचा मुंबईत काही वेगळा अर्थ असावा.

शाळेत सगळ्यांना कळलं होतंच. मधल्या सुट्टीत इतर बाया विचारायच्या, "काय मग, तुमचं भूत कुठवर आलं? मनमाडपर्यंत तरी पोचलं का?" दादा मात्र काही विचारायचे नाहीत. त्यांचं न विचारणं मला जास्त लागायचं.

शेवटी एकदाचा पिक्चर मुंबईत लागला. त्याचं परीक्षण असलेला अंक आला आणि इथं मी माझी सगळ्यात मोठी हुशारी केली. शेवट आधी कळू नये म्हणून मी तो अंक उघडलाच नाही. ग्रंथपालांना म्हटलं, "हा माझ्यासाठी बाजूला ठेवा, पिक्चर बघितल्यावर वाचते." त्यांना पहिल्यांदाच माझ्याबद्दल थोडा आदर वाटला असावा.

मग औरंगाबादला लागला. मग परभणीला लागला. मी दादांना म्हटलं, चला, पॅसेंजरनं जाऊन येऊ. दादा म्हणाले, "भुतासाठी मी तिकीट काढून परभणीला जाऊ? गावात आलं तर बघू." विहिरीसाठी गेलेला माणूस भुतासाठी जाईना. मी एकटी गेले असते, पण एकटीनं बघून त्या पैजेला काय अर्थ होता? दादांनी बघायला पाहिजे होतं. परभणीत काय काय झालं त्याच्या उडत्या बातम्या येत होत्या. गर्दी लय आहे, भांडणं झाली, खुर्च्या मोडल्या. मला वाटलं, चांगलंच आहे, पिक्चर चालतोय.

आणि एक दिवस कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत आमच्या टॉकीजचा टांगा आला. दोन बाजूंना रंगवलेले बोर्ड, वर भोंगा. "काळीज घट असंल तरच या! गरोदर बायायनी येऊ नये! खरंखुरं भूत, खरंखुरं भूत!" मी आणि दादा तेव्हा बाजारातून येत होतो. "खरंखुरं" ऐकून दादांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या टांगेवाल्याला खाली ओढावंसं वाटलं.

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. दादांनी शाळेच्या तपासणीला घालायचा पांढरा सदरा घातला होता. निजामाच्या काळापासून आमच्याकडच्या टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी असायची, तिला जनाना म्हणत. आई आणि मी जनान्यात, दादा पलीकडे पुरुषांत. त्यामुळे मला पूर्ण वेळ त्यांचं तोंड दिसलं नाही. मधून मधून त्यांचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

पिक्चर चांगला होता. आज पन्नास वर्षांनीही मी तेच म्हणेन. किंचाळ्या नाहीत, वटवाघळं नाहीत. फरशीवरून सरकणाऱ्या ताटाचा आवाज, बस. तो आवाज आला की शेंगा खाणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. आईनं माझ्या मनगटात नखं रुतवली होती. सून रोज त्या दाराशी जायची, रोज थोडी पुढं जायची. मला भीती वाटत नव्हती, मला घाई झाली होती. आता दार उघडेल, आता माणूस निघेल, आता दादा हसतील.

दार उघडलं. अंधारात पांढरं लुगडं, मोकळे केस. एक हात पुढं आला. सून ओरडली, पडदा काळा झाला.

आणि पडद्यावर एकदम झेंडा फडकायला लागला. तेव्हा खेळ संपला की राष्ट्रगीत लावत. सगळे उभे राहिले. मला वाटलं, रीळ तुटलं असेल, आपरेटरनं चुकून झेंडा लावला असेल. पण राष्ट्रगीत संपलं, दिवे लागले, पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या आणि लोक खूश होऊन बाहेर पडले. मी उभीच होते. आई म्हणाली, "चल की. सपलं न्हवं?"

बाहेर दादा उभे होते. "बघितलं ना?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर मी भांडले तरी असते. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "मोठ्या माणसालाबी पोट आसतंय. लोकायला काय पाहिजे ते द्यावं लागत आसंल." आणि त्या दिवसापासून त्यांनी विहिरीच्या पिक्चरची गोष्टही कुणाला सांगितली नाही. कुणी काढलीच तर "हां, बरा होता" म्हणायचे. माझ्या पैजेची त्यांनी एकदाही आठवण दिली नाही. मला त्या दिग्दर्शकाचा इतका राग आला होता की तो सेलूत असता तर मी शाळा सोडून त्याच्या दारात जाऊन बसले असते.

तीन दिवसांनी मी वाचनालयात गेले आणि ठेवलेला अंक मागितला. परीक्षणात पहिला परिच्छेद नेपथ्याचा, दुसरा नटीचा. तिसऱ्यात लिहिलं होतं की शेवटच्या दहा मिनिटांत भुताचं गूढ उकलतं. ती त्याच घरातली मुलगी असते. तिनं दुसऱ्या वस्तीतल्या माणसाशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी ती मेल्याचं गावाला सांगून तिला वीस वर्षं कोंडून ठेवलेलं असतं. सून तिच्यासमोर जाऊन बसते, तेव्हा ती एक वाक्य बोलते. "ते वाक्य येथे सांगणे म्हणजे रसिकांवर अन्याय होईल," असं त्या विद्वानानं लिहिलं होतं.

मी मोठ्यानं "काय?" म्हटलं. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, वाचनालय हाय हे."

तिथून मी सरळ टॉकीजवर गेले. मॅनेजर बाहेर खुर्ची टाकून पान लावत बसले होते. शेवटचा भाग कुठं गेला म्हणून मी विचारलं तेव्हा त्यांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही.

"ते रीळ आमीच ठिवलं बाजूला. पेटीतच ऱ्हायलं."

"कामून?"

"परभणीत लावलं हुतं पुरं. भूत खोटं निघालं म्हणून लोकायनी खुर्च्या मोडल्या, बाई. भूत दावतो म्हणून बोलवायचं अन बाई दावायची, ही फसवणूकच हाय की. मंग आमी सगळ्या टॉकीजवाल्यांनी ठरवलं, शेवटचं रीळ लावायचंच न्हाई. बघा, कुठं काई गडबड झाली का?"

त्यांनी पिक्चर वाचवला होता, अशा थाटात सांगत होते. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आता हितं वरडून काय? पेटी जिंतूरला गेली."

घरी येऊन मी दादांपुढं सगळं ओतलं. त्यांना आधी खरं वाटेना. मासिकवाल्यांचं काय, काहीही लिहितात म्हणाले. मी म्हटलं, मॅनेजर स्वतः सांगतोय. रविवारी सकाळी बघते तर दादा सदरा घालून तयार. "चल, जिंतूरला जाऊ. रीळ कुठं पळालंय, बघून येऊ."

जिंतूरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. टॉकीजवर वर्दळ नव्हती. आपरेटर जिन्याच्या पायरीवर बसून भाकरी खात होता. दादा शाळेतले गुरुजी आहेत म्हटल्यावर उठला, हात धुतले. तेवढं दहा मिनिटांचं रीळ दाखवा, आम्ही सेलूहून आलोत, असं दादांनी सांगितलं.

"दावलं असतं गुरुजी. पण लाइट न्हाई. पावणेतीनला येती, अन मंग खेळाची लोकं. मालकानं ते रीळ मशीनला लावायचं न्हाई म्हणून सांगितलंय. लावलं तर माझी नोकरी जाती."

दोन वर्षं, एक टांगा, एक एस.टी., आणि आता लाइट नाही! माझ्या डोळ्यात पाणी आलं, रागानं. दादा म्हणाले, "नुसतं बघता तरी येतं का?"

आपरेटरनं थोडा विचार केला. आत जाऊन एक पत्र्याचा डबा आणला. टॉकीजच्या मागच्या अंगणात, ऊन होतं तिथं उभा राहिला आणि रीळ उलगडून एक लांब पट्टी वर धरली. "कडंला धरा. बोट मधी लावू नका."

दादांनी चष्मा पुसला आणि पट्टी उन्हात डोळ्यांसमोर धरली. मी त्यांच्या खांद्याजवळून बघत होते. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक, सगळी सारखीच वाटणारी. आपरेटर पट्टी हळूहळू सरकवत होता. मग दिसायला लागलं. पांढऱ्या लुगड्यातली बाई खाली बसलेली. चेहरा म्हातारा, गाल आत गेलेले. पुढं ताट. हातात घास. दाराच्या उंबऱ्यावर सून. मधेच कुणीतरी लांबून, पायानं, ताट पुढं सरकवताना दिसलं; ते मागच्या वर्षांतलं असावं, त्या बाईला आठवत असलेलं.

"ताट सरकवून द्यायलेत," दादा म्हणाले.

"हो."

"माझ्या मायला असंच द्यायचे. पाटलाकडं कामाला जायची तेव्हा. हात लागू नये म्हणून." शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात ते बोलले. ते पट्टीकडेच बघत होते. "मी संगं आसायचो. दोन ताटं सरकवायचे."

हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. एकवीस वर्षं मी त्यांच्या घरात होते. दीक्षेच्या आधी काय काय होतं ते ते व्याख्यानात नेहमी सांगायचे, पण त्यात त्यांची माय कधी आली नव्हती, ते स्वतःही कधी आले नव्हते.

पट्टी पुढं सरकली. आता सून आत येऊन बाईच्या समोर बसली होती आणि बाईचं तोंड उघडं होतं. पुढच्या चित्रात थोडं मिटलेलं, पुढच्यात पुन्हा उघडं. ती बोलत होती.

"काय म्हणायली ती?" दादांनी विचारलं.

"मला काय ठावं गुरुजी. मी ते रीळ कधी लावलंच न्हाई," आपरेटर म्हणाला. मग पट्टीच्या कडेला बोट दाखवलं. चित्रांच्या बाजूनं एक दातेरी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली होती. "आवाज हितं आसतोय. ही रेघ हाय ना, ह्योच तिचा आवाज."

दादांनी पट्टी आणखी जवळ घेतली. तीस वर्षं त्यांनी गावोगावच्या पोरांना वाचायला शिकवलं होतं. त्या रेघेवरून ते वरून खाली नजर फिरवत राहिले, त्यांचे ओठ हलत होते. आपरेटरचे हात दुखायला लागले असतील, तरी त्यानं पट्टी खाली केली नाही.

पावणेतीनला लाइट आली. मालक आले, डबा बंद झाला. दादांनी मालकांना एकदा विचारून बघितलं. मालक म्हणाले, "गुरुजी, लोकायला भूतच पाहिजे. बाई काय, घरी बी बघायला मिळती." आम्ही एस.टी. पकडली. झाडं मागं पळत होती आणि मी त्या मालकाला, मॅनेजरला, परीक्षण लिहिणाऱ्या विद्वानाला मनातल्या मनात शिव्या देत होते. सेलू जवळ आल्यावर दादा म्हणाले, "तू म्हणली तसंच निघालं. माणूसच निघाला." मी पैज जिंकले होते. आनंद मात्र कुठंच सापडेना.

तो पिक्चर पूर्ण बघायला मला कधीच मिळाला नाही. पुढं कुठं लागलाच नाही. दादा पुन्हा त्या दिग्दर्शकाचं नाव आदरानं घ्यायला लागले, पण आता गोष्ट सांगत नसत. वही तपासता तपासता, शेंगा फोडता फोडता मधूनच विचारायचे, "काय म्हणली आसंल गं ती?" मला माहीत नसायचं आणि माहीत नाही म्हणून मी चिडायची. कधी म्हणायची, माझा नवरा कुठंय असं विचारलं असेल. कधी म्हणायची, मला सोडवा म्हणाली असेल. दादा मान हलवायचे. पटायचं नाही त्यांना.

असंच एकदा त्यांनी विचारलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं ते रीळ बघितलं नव्हतं, आणि बाकीचा पिक्चरही अर्धा पदराआडूनच बघितला होता. ती मागं न बघता म्हणाली, "काय म्हणणार? लांब का बसली, जवळ येऊन बस म्हणली आसंल."

दादा उठून तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी मला ते कधी विचारलं नाही.